घडीच्या खुर्चीचा सांधा

“दोघांना सारखंच मिळायला हवं. एकाला मांडीवर आणि दुसऱ्याला जमिनीवर, असलं माझ्या घरात कधी झालं नाही,” असं म्हणत आईनं दोन्ही हार्ड डिस्क टेबलावर आदळल्या.

“हळू गं आई. विटा नाहीत त्या,” ताई म्हणाली.

ताई तिघा भावंडांत मोठी. दवाखान्यातले संगणक सांभाळायची तिची नोकरी. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचे तीस वर्षांचे नकाशे, मापं आणि शेवटी शेवटी स्वतःच काढलेले व्हिडिओ, सगळं त्यांच्या जुन्या संगणकात पडलं होतं. तो संगणक आता दमेकऱ्यासारखा घरघरायला लागला होता.

टेबलाच्या या टोकाला थोरला, त्या टोकाला धाकटा. दोघेही बापासारखेच सुतार. दोघांची दुकानं एकाच रस्त्यावर, समोरासमोर. आणि दोघांत दोन वर्षं अक्षराचं बोलणं नाही. बाबांची पाटी कोणाच्या दुकानावर लागायची, यावरून बिनसलं होतं. शेवटी आईच ती पाटी घरी घेऊन आली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. “तुमची तोंडं एकमेकांकडे वळतील तेव्हाच हिचं वळेल,” असं तिनं तेव्हाच सुनावलं होतं. पाटी अजून तशीच होती.

थोरल्याला त्या ढिगातली एकच गोष्ट हवी होती. बाबांच्या घडीच्या खुर्चीचा सांधा. तो सांधा बाबांनी कोणालाच पुरता शिकवला नव्हता, पण व्हिडिओत सगळं होतं. डिस्क हाती आली की पहिली खुर्ची आपल्या दुकानात उभी राहणार, समोरचा बघत बसणार, असा त्याचा बेत होता.

“दोन डिस्क मिळून एक कोठार करायचं. याला रेड म्हणतात,” ताई सांगू लागली. “एक पद्धत आरशासारखी. जे हिच्यात तेच तिच्यात. एक गेली तरी दुसरी आहेच.”

“आणखी कुठली पद्धत असते?” आईनं विचारलं.

“असते एक. प्रत्येक गोष्टीचे तुकडे करून एक इकडे, एक तिकडे. काम झपाट्यानं होतं, पण एक डिस्क नसली की दुसरी म्हणजे दगड. ती आपल्या कामाची नाही.”

“मग सांगतेस कशाला? मी काय परीक्षेला बसलेय?”

धाकटा हसला. थोरल्यालाही हसू आलं, ते त्यानं खोकल्यात दडवलं.

“ताई, आरसाच कर,” थोरला म्हणाला.

“आरसाच बरा,” धाकटा म्हणाला, पण छताकडे बघत.

“चला, दोन वर्षांनी एकमत तरी झालं,” आई म्हणाली. “आता इथे माश्या मारत बसू नका. माझ्या कपाटाचं दार खाली घासतंय. पोटची दोन पोरं सुतार आणि मी दार लाथेनं लावते. उठा.”

दार सागवानी, एकट्याच्यानं उतरणारं नव्हे. धाकट्यानं ते खालून तोलून धरलं, थोरल्यानं बिजागऱ्या सोडवल्या. दोघांनी मिळून ते आडवं केलं. थोरल्यानं मान न वळवता हात मागे केला, आणि त्यात रंधा आला. पुन्हा हात मागे केला, काटकोन बघायचा गुण्या आला. एक शब्द न बोलता त्यांनी दार तासलं, मापलं, परत बसवलं. धाकट्यानं एका बोटानं ढकललं तर ते आवाज न करता मिटलं. थोरल्याला फार बरं वाटलं. तसं दाखवायचं नव्हतं म्हणून तो भुसा झाडत राहिला.

बाहेर आले तर दोन्ही डिस्कचे निळे दिवे लुकलुकत होते. आधी हिचा, मग तिचा, मग पुन्हा हिचा.

“होत आलं,” ताई म्हणाली.

“तू तर संध्याकाळ होईल म्हणाली होतीस,” थोरला म्हणाला.

“झालं लवकर. तुला घाई होती ना?” तिनं पडद्यावरून नजर हलवली नाही.

दुपारी आईनं एकेक डिस्क दोघांच्या हातात ठेवली. “घ्या. तागडीत घालून बघा हवं तर. तिळाचा फरक सापडायचा नाही. आणि जपा. जो हरवेल त्यानं या घरात पाऊल टाकायचं नाही.”

“लागणारा प्रोग्राम तुमच्या दुकानांतल्या संगणकांवर परवाच टाकून ठेवलाय,” ताई म्हणाली.

थोरला झपाझप पावलं टाकत दुकानात पोचला. फळ्यांवरून उडी मारूनच संगणकापाशी गेला आणि डिस्क जोडली. निळा दिवा लागला, पण डिस्क उघडेना. त्यानं ती काढली, वायर पुसली, दुसऱ्या भोकात खोचली. पडद्यावर तेच: उघडता येत नाही.

त्यानं वर पाहिलं. समोर धाकटाही बाहेर येऊन आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा होता. एका हातात डिस्क, दुसऱ्या हातात फोन, चेहरा पडलेला. थोरल्याला क्षणभर गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं. दोन्ही गेल्या असतील, तर बाबांचं सगळंच गेलं. त्यानं घाईघाईनं आईला फोन लावला.

“आई, ताईनं घोळ घातलाय. डिस्क बिघडलेली आहे.”

“काही बिघडलेली नाही. धाकट्यालाही आत्ता तेच सांगितलं,” आई शांतपणे म्हणाली. “तुझ्याकडे अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समोर पायरीवर उभं आहे, त्याला आत बोलाव.”