अडकलेली खोली

डिंभ्याच्या मंडपात सनई सुरू झाली, तेव्हा नसीम आपली व्हॅनिटी व्हॅन आवरत होती. नवरीला सजवायचं काम संपलं होतं. गाडीतून बाहेर सरकवलेली खोली आत घेतली की ती जुन्नरला निघायला मोकळी.

तिनं बटन दाबलं. खोली अर्ध्यात आली, मोटर घरघरली आणि थांबली. रुळात पिना अडकल्या असतील म्हणून तिनं रूळ झाडला, तेल सोडलं आणि पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं बटन दाबूनच धरलं, तेव्हा समोरच्या कपाटातून हुंदका ऐकू आला.

खोली मागं सरकवून तिनं कपाट उघडलं. खोलीतला सोफा कपाटाच्या ज्या दाराला रेटत होता, त्याच दारामागं तिनं सकाळी सजवलेली नवरी, तनुजा, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

“अगं, चिरडली असतीस! ओरडली का न्हाईस?”

“ताई, परत दाबा,” पोरगी म्हणाली. “मी पाय अजून आखडून घेते. पण मला हितं उतरवू नका. घरचे माझं वय एकोणीस सांगत्यात, पण मी नववीत हाय.”

तेवढ्यात दारावर थाप पडली. “ताई, नवरी हाय का आत?” तिच्या मामाचा आवाज होता.

“न्हाई, भाऊ. ती कवाच उतरली,” नसीम कसंबसं म्हणाली.

तिनं तनुजाला कपाटातून काढून पुढच्या सीटसमोर खाली बसवलं, खोली आत घेतली, आणि गाडी काढली ती थेट घोडेगावच्या पोलीस ठाण्याच्या दारात थांबवली.