ठमीची पसंती

"माझ्या ठमीनं या पिल्लांना जवळ केलं तर राहा, नाहीतर उद्याच चालती हो," थोरलीनं आपल्या मांजरीला कुरवाळत धाकट्या बहिणीला बजावलं.

तीस वर्षांपूर्वी थोरलीला बघायला आलेल्या मुलानं पोहे घेऊन आलेल्या धाकटीलाच पसंत केलं होतं. आता तो वारला, आणि धाकटी मांजरीची दोन पिल्लं टोपलीत घालून दारात उभी राहिली. थोरलीनं तिला आत घेतलं, ते हाकलण्याचं सुख भोगायला.

धाकटी अंघोळीला गेली तशी थोरलीनं जिन्यातलं पायपुसणं उचललं. त्यावर शेजारचा बोका रोज मुतायचा. त्यानंच म्हाताऱ्या ठमीचा कान फाडला होता. त्याच्या नुसत्या वासानंही ती चवताळायची. थोरलीनं ते पायपुसणं दोन्ही पिल्लांना खसाखसा चोळलं आणि ठमीला खोलीतून सोडलं.

ठमी गुरगुरत आली. पिल्लं घाबरून तिच्याच पोटाखाली शिरली. ती क्षणभर थबकली, मग एकेकाला पंजाखाली दाबून तो वास चाटून काढू लागली.

"अगं मेले, फाड ना त्यांना!" थोरलीनं तिला ढकललं. त्या हातांनाही बोक्याचाच वास होता. ठमीनं फिस्कारून तिचं मनगट ओरबाडून काढलं.

ओल्या केसांनी धाकटी धावत आली. तिनं बहिणीचा हात हातात घेतला, हुंगला, पायपुसण्याकडे पाहिलं आणि हळद आणली.

"त्या दिवशी पोहे घेऊन मी मुद्दाम पुढे आले होते, ताई," जखमेवर हळद दाबत ती म्हणाली. "आज मात्र मी काहीच केलं नाही."