मध्ये कोणी नको

"अम्मी, तुम्ही एकदा तिच्याशी बोला. तुमचं ऐकेल ती."

सासूने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "मी रोज जाते तिच्याकडे. मीच बोलते. ती आपली ऐकून घेते."

"मग माझ्याबद्दलही दोन शब्द सांगा."

"तुम्हाला मध्ये माणूस कधीपासून लागायला लागला?"

जावयाने हातातली पिशवी मांडीवर ओढून घेतली. तो चष्मेवाला. गल्लीत त्याला सगळे 'थेट' म्हणत आणि हे नाव त्याने कमावलेलं होतं. दर्ग्यावर जाऊन पीरबाबांना साकडं घालतो, असं कुणी म्हटलं की हा काच घासता घासता विचारी, "अल्लाह बहिरा झालाय का? थेट माग की. मध्ये दलाल कशाला?" अल्लाह एकच, त्याच्या जोडीला दुसऱ्या कुणाला बसवणं हे सगळ्यात मोठं पाप, हे तो गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवताना समजावी. नाक त्याच्या हातात असल्यामुळे गिऱ्हाईक मान डोलावी.

बायकोचं नाक मात्र त्याच्या हातात नव्हतं.

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बसवता," ती म्हणे, "आणि म्हणता मध्ये काही नको."

"काच बघत नाही. डोळा बघतो."

"मग मी तरी कुठे काचेकडे बघते? काचेतून बघते."

यावर तो जास्तच चिडे.

मग दोऱ्याचं प्रकरण झालं. ती तापाने पडून होती आणि तिच्या मनगटावर दर्ग्यातला हिरवा दोरा होता. तिचा डोळा लागल्यावर त्याने दुकानातली बारीक कात्री आणली आणि दोरा कापला. तिच्या भल्यासाठीच. जाग आल्यावर तिने मनगट पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. तेव्हापासून अबोला. असले अबोले घरोघर असतात, दोन वेळच्या जेवणाबरोबर विरघळतात. हा विरघळला नाही. थोड्याच दिवसांत तिचा भाऊ आला आणि तिला घेऊन गेला. तिच्या चपला खाटेखाली तशाच राहिल्या.

भावाने तिची सोय नेमकी दर्ग्याला लागून केली. तिनेच तसं सांगितलं होतं म्हणे. नवऱ्याला डिवचायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती.

"चुकलं माझं," तो सासूला म्हणाला. "तापासाठी बांधला होता, राहू द्यायला हवा होता."

"तापासाठी?" सासूने सूप खाली ठेवलं. "तो तुमच्या डोळ्यांसाठी होता. पायी चालत जाऊन आणला तिने. त्यातच ताप भरला."

काचेची कड हल्ली तो बोटाने चाचपून पाहत असे. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, अशी त्याची समजूत होती.

त्याने तिच्या चपलांची पिशवी पुढे केली. सासूने ती न उघडताच परत सरकवली. "घरीच राहू द्या."

तिथून तो मेहुण्याकडे गेला. मेहुण्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं.

"तू तरी सांग तिला. म्हणावं, मला माफ कर."

"अल्लाहकडे मागा की माफी, भावजी. पाच वेळा उभे राहता त्याच्यापुढे."

"मागतो. पण माणसाला दुखावलं तर त्या माणसानेच माफ करावं लागतं. तिथे अल्लाहसुद्धा तिच्यावर सोडतो." हे त्याने मशिदीच्या पायरीवर बसून कितीजणांना ऐकवलं होतं. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

"मग जा तिच्याकडे. थेट."

"जातो. दर शुक्रवारी दर्ग्याच्या भिंतीपर्यंत जातो. बाहेरूनच बोलतो."

"आणि?"

"काही नाही."

मेहुण्याने ट्यूब पाण्यात बुडवली. एका जागी बुडबुडे आले. तिथे त्याने बोट दाबून धरलं.

"आत जा, भावजी," तो म्हणाला. "ती काय बाहेर येणार आहे?"

थेट उठला. आयुष्यभर दर्ग्याच्या ज्या दरवाजाकडे बोट दाखवून लोकांना हसला, त्या दरवाजापाशी येऊन थांबला. पायातल्या चपला काढल्या. पिशवीतल्या चपलाही काढून त्यांच्या शेजारी नीट लावून ठेवल्या आणि आत गेला.

मुजावर मोरपिसांचा झाडू घेऊन बसला होता. याला पाहून त्याचा हात थांबला.

"थेट, आज रस्ता चुकलात?"

"नाही."

"फुलं देऊ?"

"नको."

"मग बाबांकडे काय मागायचंय ते मला सांगा. मी घालतो कानावर. आपली ओळख आहे."

"तुम्ही जरा बाजूला व्हा," थेट म्हणाला. "मध्ये कोणी नको."

मुजावर हसणार होता, पण त्याचा चेहरा पाहून मुकाट्याने सरकला.

थेट बाबांच्या मजारीपुढे उभा राहिला. वाकला नाही. चादरीला हात लावला नाही. घसा खाकरला.

"बाबा, अल्लाहकडे माझं जे काही मागणं आहे, ते मी त्याच्याकडेच मागतो. त्यात तुम्ही पडू नका. तुमच्याकडे काम वेगळं आहे, शेजारधर्माचं. तुमच्या उजव्या हाताला, भिंतीलगत, एक नवी कबर आहे. दगड अजून बसलेला नाही. तिला एवढंच सांगा, की मी आत आलोय."