रेडिएटरमधला खार

पोरगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याची रेडिएटरवाली मोटरसायकल अंगणात धूळ खात उभी होती. मुतखड्याने बेजार झालेल्या गुणवंताभाऊंना आता तिच्यावरूनच सौंसरच्या दवाखान्यात जायचं होतं. शेजारच्या रामाकोना गावच्या मिस्त्रीने घरी येऊन रेडिएटर धुवायला घेतला, तर कितीही धुतला तरी पांढरा गाळ निघतच राहिला.

"काकाजी, याच्यात काय टाकून राहिले होते?"

"आपल्या बोअरचं पानी."

"मंग बरोबर! आतून खडे धरले ना. मशीनले नाही झेपत ते पानी. आता दुकानातलं कुलंटच टाकजा, इंजिन थंड ठेवाचं."

"बरं बाप्पा," गुणवंताभाऊ कंबर धरून म्हणाले.



तेवढ्यात त्यांच्या पत्नी कौसल्याबाई बोअरवरून तांब्या भरून आल्या. "गोळी घ्या, अन् हे सारं प्या. डॉक्टरनं भरपूर पानी प्या म्हटलं हाय."