डाव्या हाताचं माप

भामाबाई कासारीण बांगड्यांची टोपली घेऊनच साक्षीच्या पिंजऱ्यात चढली, तेव्हा सांगलीच्या कोर्टात हशा पिकला. मुलीच्या बापाच्या, कृष्णातच्या वकिलांना तर हसू आवरेना. त्यांच्या हातात बर्मिंगहॅमच्या कोर्टाचा लाखेचा शिक्का मारलेला हुकूम होता: मुलगी बापाच्या ताब्यात द्यावी. इथल्या कोर्टानं तो मानला की सहा वर्षांची अंबू बापाबरोबर विमानात बसणार आणि आईला पुन्हा दिसणार नाही. लाखेपुढे काचेचं काय चालणार!

चंद्रा नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी लेकीला घेऊन शिराळ्याला माहेरी पळून आली होती. त्याच मारात तिच्या डाव्या अंगठ्याचं हाड मोडलं आणि वेडंवाकडं बसलं. पण डॉक्टरचा कागद तिच्याजवळ नव्हता. कृष्णातनं तिला दवाखान्यात नेलंच नव्हतं. आणि आता तोच शपथेवर सांगून मोकळा झाला होता, "तिकडं हात धडधाकट व्हता तिचा. हितं आल्यावर कुठंतरी पडली आसंल."

म्हणून चंद्रानं भामाबाईला बोलावलं होतं. लग्नाचा चुडा भरला तेव्हापासून भामाबाईला तिचा हात पाठ होता.

"सायेब, हिचं लग्नातलं माप सव्वादोन. दोनी हातांचं. आता बगा."

चंद्रानं हात पुढे केले. उजव्या हातात बांगडी सर्रकन गेली. डाव्या हाताला तीच बांगडी अंगठ्यापाशी अडली. भामाबाईनं जोर केला, तशी ती तडकन वाढली आणि तुकडे खाली पडले.

वकील उठले. "हात मोडलाय हे आम्हालाही दिसतंय, बाई. पण तो तिकडे मोडला, हे तुला काय ठाऊक? तू गेली होतीस बर्मिंगहॅमला?"

"मी कशाला जातीया? माज्या बांगड्या गेल्या की!" भामाबाईनं पदर खोचला. "ही यायच्या आदल्या साली, नागपंचमीला, हिच्या सासूनं तिकडं धाडायला डझनभर बांगड्या नेल्या. उजव्या हाताला सव्वादोनच्या सा, डाव्याला पावणेतीनच्या सा. मी म्हनलं, धोंडुबाय, हात काय दोन बायकांचं हायती व्हय? तर म्हनली, लेकानं पत्रात तसंच लिवलंय."

हशा कुठल्या कुठे गेला. वकील "ऐकीव गोष्ट, ऐकीव गोष्ट" म्हणत राहिले. न्यायाधीशांनी कृष्णातच्या मागच्या बाकाकडे पाहिलं. धोंडुबाई तिथंच बसली होती.

"आई, न्हाई म्हन," कृष्णात पुटपुटला.

धोंडुबाई उठली. "खरं हाय, सायेब. पत्र माज्या पेटीत हाय. डाव्या हाताला काय झालं, ते तवाच इचाराय पायजे व्हतं. म्या इचारलं न्हाई."

पत्र आलं. शिक्का बर्मिंगहॅमचा, अक्षर कृष्णातचं. लिहिलं होतं: 'तिच्या डाव्या हातात जुनं माप जात नाही, मोठं पाठव. चारचौघांत मोकळा हात बरा दिसत नाही.'

आठ दिवसांनी निकाल लागला. परमुलखातल्या हुकमाचा मान आहेच, पण लेकराचं हित त्याहून मोठं. अंबू आईजवळच राहील. चंद्राच्या आनंदाला पारावार राहिला नाही. एवढी मोठी घोडी झालेली अंबू तिनं कडेवर घेतली आणि तशीच पायऱ्या उतरली.

बाहेर लिंबाखाली भामाबाईनं टोपली उघडलीच होती. कोर्ट असो की जत्रा, धंदा तो धंदा. धोंडुबाई कचरत तिथं आली. सुनेकडे मान वर करून बघायचं तिला धाडस होईना. मग चंद्रानंच अंबूला खाली उतरवलं आणि आजीपुढे केलं.

"नातीला बांगड्या भर," धोंडुबाई म्हणाली.

भामाबाईनं अंबूचा उजवा हात चाचपला. मग डावा.

"दोनी हातांला एकच माप," धोंडुबाईनं आता सुनेच्या डोळ्यांत बघितलं. "आन् जलमभर एकच ऱ्हाईल."