उभ्या लोडरचा धूर

पुढची अजस्र लोखंडी बादली मालाने भरून डिझेलचा लोडर शेडच्या टोकापर्यंत तीनदा जाऊन आला. अनुश्रीने धुराच्या नळीजवळून गाळणकागद काढला. तो काळाठिक्कर झाला होता. तिने आकडा लिहिला. मर्यादेच्या कितीतरी वर.

मारोती केबिनमधून उतरला आणि शिडीला धरून दम घेत उभा राहिला. सिलतऱ्याच्या या स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, कारखान्यात तो अकरा वर्षं लोडर चालवत होता. आता त्याची फुप्फुसं निम्मीच चालत होती. कंपनी म्हणाली, बिडीने झालं असेल. मारोतीने उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती. आजार कामामुळेच झाला, उपचार कंपनीने करावा, असा दावा त्याने कामगार न्यायालयात लावला. न्यायालयात धुराची मोजणी ठरली तेव्हा त्याने प्रदूषण तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या अनुश्रीचंच नाव सुचवलं. ही बाई कोणासाठी एक आकडा इकडचा तिकडे करत नाही, असं त्याने ऐकलं होतं.

अनुश्री यंत्र आवरायला लागली.

"ताई, उभ्या गाडीचा धूर बी मोजा न," मारोती म्हणाला. "जेवाच्या सुट्टीत आमी केबिनमंदीच बसून राहतो. इंजिन सुरूच असते. धूर दिसत नाही, पण छाती तवाच जास्त जळते."

कंपनीचे मॅनेजर शिशिर नाकाला रुमाल लावून उभे होते. "सुट्टीत इंजिन सुरू कशाला ठेवता?" त्यांनी सहज विचारलं.

"फोरमन म्हणते, बंद केलं का लवकर चालू होत नाही, माल अडते."

"लेखी दिलंय त्यांनी?"

"लेखी कायचं, साहेब? तोंडीच सांगते."

शिशिरनी मान हलवली. "मोजा, मॅडम. हेही मोजा."

अनुश्रीने पुन्हा यंत्र जोडलं. या वेळी कागद जेमतेम पिवळसर झाला. पण कणांची संख्या मोजणाऱ्या यंत्राचा आकडा वर चढत राहिला. मारोतीच्या छातीने बरोबर ओळखलं होतं. इंजिनावर भार आला की काजळीचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, म्हणून धूर काळा दिसतो. इंजिन रिकामं घुरघुरत राहिलं की कण अतिशय बारीक निघतात. अंगावर न जळलेल्या डिझेलचा लेप घेऊन ते छातीत खोल उतरतात आणि तिथेच बसतात. तिने हे सगळं अहवालात स्पष्ट लिहिलं. तो अहवाल लिहिताना तिला मारोतीचं फार कौतुक वाटलं होतं.

सुनावणीत कंपनीच्या वकिलाने काळ्या कागदाचं नावही काढलं नाही.

"सर्वांत बारीक, छातीत खोल जाणारे कण उभ्या लोडरचे, बरोबर?"

"बरोबर."

"आणि इंजिन बंद करायची चावी कोणाच्या हातात होती?"

"चालकाच्या. पण फोरमनने त्याला..."

"फोरमनचं बोलणं तुम्ही स्वतः ऐकलंत?"

"नाही," अनुश्री म्हणाली. तिने ते ऐकलं नव्हतं.

फोरमनने शपथेवर सांगितलं की आपण असं कधी बोललोच नाही. निकाल महिन्याभरात आला. सर्वांत घातक धूर हा चालकाने विश्रांतीच्या वेळेत स्वतःहून सुरू ठेवलेल्या इंजिनाचा होता, त्याला कंपनी जबाबदार नाही. दावा फेटाळला.

बाहेर व्हरांड्यात मारोती बाकावर बसला होता. त्याची बायको विजया पाण्याची बाटली घेऊन त्याच्या मागे उभी होती. अनुश्री जवळ गेली.

"तुमी काई खोटं नाही बोलल्या, ताई," मारोती म्हणाला. मग थांबला. दोन वाक्यांच्या मध्ये त्याला आता बराच वेळ लागायचा. "एकच सांगा. ते उभ्या गाडीचं मी मोजाले लावलं नसतं, तं?"

त्याच्या मागून विजयाने अनुश्रीकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली. नका सांगू. तिचा हात बाटलीवर घट्ट आवळला होता.

अनुश्रीला ते दिसलं. विजया काय मागते आहे, तेही कळलं. एक लहानसं खोटं पुरलं असतं. बारा वर्षांच्या नोकरीत ती एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि या गोष्टीचा तिला अभिमान होता.

"तर तुम्ही जिंकला असता, मारोतीभाऊ," ती म्हणाली.