मदतीचं बटण

आई खरोखरच फरशीवर आडवी झाली, तेव्हा आरशामागे सगळे हसले. झोपायला कुणी सांगितलं होतं? खुर्चीत बसून, आपण पडलोय अशी नुसती कल्पना करायची होती. पण आईचं असंच. एक सांगावं, तर दोन करणार.

आरसा फक्त तिच्या बाजूने आरसा होता. या बाजूने काच. काचेमागे माइकसमोर लेक बसली होती आणि तिच्या पाठीशी साहेब आणि ऑफिसातले दोघं-तिघं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी कंपनीने ॲप केलं होतं. पडलात तर बटण दाबा, घरच्यांना कळेल. काम सगळं लेकीचं. आज साहेबांना पटलं तर बाजारात, नाही तर बासनात. चाचणीला बोलावलेल्या बाई ऐनवेळी आल्या नाहीत, म्हणून तिने आईला आणून बसवलं होतं. वर, मी मीटिंगला जाते, अशी थापही मारली होती. नाही तर आईने प्रत्येक गोष्ट तिलाच विचारली असती.

चाचणीचा नियम साधा. समोरचा कितीही अडखळो, आपली हाताची घडी, तोंडावर बोट. त्याने मात्र मनात येईल ते मोठ्याने बोलायचं.

आई बोलू लागली. फरशी गार आहे, म्हणाली. हात अंगाखाली अडकलाय. मग तिने नाक आक्रसलं. "दूध उतू चाललंय. करपल्याचा वास येतोय."

खोलीत गॅस नव्हता, की दूध. तुझी आई नाटकात हवी होती, साहेब म्हणाले. लेकीला हसू आलं नाही. गेल्या महिन्यात आईकडचं करपलेलं पातेलं तिनेच घासलं होतं. डोळा लागला गं, आई म्हणाली होती. हात काळानिळा कशाने, तर म्हणे दारावर आपटला. तिने आईला चांगलंच फैलावर घेतलं होतं. त्या दुपारी आईचा फोन येऊन गेला होता. लेक इथेच होती, काचेमागे, याच खुर्चीत, फोनचा आवाज बंद करून.

"दाबलं," आई म्हणाली. "परत दाबलं."

आता ती आरशाकडे बघत होती, थेट लेकीच्या डोळ्यांत. तिकडून काही दिसत नाही, हे ठाऊक असूनही लेक मागे सरकली. तिला आपल्याच आईची भीती वाटली.

शेवटचं विचारून घे, साहेब म्हणाले. तिने माइक जवळ ओढला. प्रश्न ठरलेला होता, शब्दही ठरलेले.

"बटण दाबल्यावर काय होईल, असं तुम्हाला वाटलं होतं?"

आई उठली नाही. पडल्या पडल्याच म्हणाली,

"तू येशील, असं."